अंकलचे ऑस्ट्रेलियन आजोबा

लग्नाची पत्रिका दुरुस्तीसाठी परत पाठवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या दोह्याच्या ऑफिसातल्या एका इंजिनिअरच्या मुलीचं पुण्याला लग्न ठरलं होतं. त्यांनी टेबलाटेबलावर फिरून पत्रिका वाटल्या, आणि आम्ही सगळ्यांनी 'वा, छान' म्हणून त्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पत्रिका त्यांच्या टेबलावर परत आलेली होती, वर टाचणीनं लावलेली चिठ्ठी. 'पत्रिकेत शुक्रवार छापला आहे. दिलेल्या तारखेस गुरुवार येतो. विवाह नक्की कोणत्या दिवशी आहे याचा खुलासा व्हावा.' इंजिनिअर आधी भडकले, मग त्यांनी कॅलेंडर पाहिलं, आणि मग पुण्याला फोन लावायला धावले. निम्मं वऱ्हाड एक दिवस आधी येऊन कार्यालयाच्या बंद दारापुढे बसलं असतं. आठवड्याभरानं त्यांनी आभाराचा म्हणून मिठाईचा डबा आणला. डब्याच्या तळाची तारीख वाचून झाल्यावरच तो उघडला गेला.

चिठ्ठी लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळं ऑफिस अंकल म्हणायचं. ते वसईचे. वय पंचावन्नच्या पुढे, अंगानं काटकुळे, केस तेल लावून चापून बसवलेले, आणि बाहेर डांबर वितळत असलं तरी पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशात दोन पेनं, एक लाल, एक हिरवं. हुद्दा डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या आमच्या कंपनीत येणारा आणि जाणारा प्रत्येक नकाशा, प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जायचं. त्यावर तारीख, क्रमांक आणि सही नसेल तर ते कोणाचंही असो, परत. खुद्द मोठ्या साहेबांचं पत्रही त्यांनी एकदा परत केलं होतं, कारण साहेबांनी जानेवारीत जुन्या वर्षाचा आकडा घातला होता.

चर्चच्या मराठी शाळेत शिकल्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा कितीतरी शुद्ध होतं. मी कराडची, साहेबांची सेक्रेटरी. मला ते शाळेतल्या शिक्षिकेला म्हणावं तसं 'बाई' म्हणायचे. "बाई, आपण पाठवलेला कागद मला प्राप्त झाला, परंतु समाधान झाले नाही," असं ते समोर येऊन सांगायचे. आम्ही ऑफिसात दिवसभर अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी आणि वर अरबी यल्ला-खलास असं काहीतरी बोलायचो. अंकलचं मराठी ऐकलं की मला आपोआप ताठ बसावंसं वाटायचं.

वसईला त्यांच्या पत्नी होत्या. दोघांची पत्रं चालायची, आणि त्या पत्रांनाही क्रमांक असत. 'पत्र क्रमांक एकशे बारा, आपल्या पत्र क्रमांक अठ्ठ्याण्णवला उत्तर' अशी सुरुवात. पुढे फोन स्वस्त झाले, आम्ही सगळे घरी रोज बोलायला लागलो. अंकल मात्र नाराज. फोनवर बोललेलं फाइलला लावता येत नाही, हे त्यांचं दुःख होतं. भांडण झालं तर दाखवणार काय?

साहेब ऑस्ट्रेलियन होते. मेलबर्नपासून काही तासांवरच्या एका लहान गावचे. उंच, लालबुंद, आणि इतके मवाळ की चहावाल्यासाठी दार धरून उभे राहायचे. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा त्यांनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं आणि लाजत सांगितलं की त्यांना एक पुस्तक लिहायचंय. छोटंसंच. त्यांच्या आजोबांवर. आजोबा त्यांच्याकडच्या फुटबॉलच्या सुरुवातीच्या दिवसांतले खेळाडू होते, शंभरेक वर्षांपूर्वीचे. साहेबांचे वडील तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते, गावाजवळच्या वृद्धाश्रमात राहायचे. डोकं शाबूत, डोळे भिंगाच्या मदतीनं शाबूत. त्यांच्या हातात ते पुस्तक द्यायचं, एवढीच इच्छा. साहेब दुपारच्या सुट्टीत सांगणार, मी टाइप करणार. आणि बायंडिंगचं मशीन अंकलच्या ताब्यात, म्हणून शेवटी तो गठ्ठा त्यांच्याकडे जाणार.

पहिलं प्रकरण बायंडिंग कसं होतंय ते बघायला म्हणून अंकलकडे गेलं. ते चार दिवसांनी परत आलं, सोबत छापील तक्ता. पान, ओळ, शंका, खुलासा. शंका एक्केचाळीस.

पहिली शंका अशी: 'चेंडू अंड्याच्या आकाराचा असल्याचे म्हटले आहे. चेंडू गोल असतो. चूक असल्यास दुरुस्त करावी.'

मी तो तक्ता साहेबांना द्यायला घाबरले होते. साहेबांनी तो वाचला, दोनदा वाचला, आणि दुसऱ्या दिवशी घरून खरा चेंडू घेऊन आले. तांबूस कातड्याचा, दोन्ही टोकांना निमुळता. अंकलनी तो हातात फिरवला, लांबी-रुंदी मोजली, टेबलावर टाकून पाहिला. चेंडू भलतीकडेच उडाला आणि मिटिंग रूममध्ये गेला. अंकलनी पहिल्या शंकेपुढे हिरव्या पेनानं लिहिलं: 'समाधान झाले.'

त्यानंतर मात्र ते त्या खेळात शिरले ते शिरलेच. साहेब त्यांना नियम समजावून सांगायचे आणि अंकल लिहून घ्यायचे. मैदानाच्या टोकाला चार खांब, मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. मधल्यांतून गेला तर गोल. कडेच्यांतून गेला तर त्या काळी धरतच नसत. पण त्यांना सगळ्यात आवडला तो झेलाचा नियम. लाथेनं उडवलेला चेंडू कोणी नीट झेलला की सगळ्यांनी थांबायचं. त्याला कोणी धक्का देणार नाही. त्यानं शांतपणे मागं जायचं, नेम धरायचा आणि चेंडू मारायचा.

"बाई, हा सभ्य लोकांचा खेळ आहे," अंकल मला म्हणाले. त्याच पानावर पुढे तीन माणसांची हाडं मोडल्याचं मी टाइप केलं होतं, पण ते त्यांनी मनावर घेतलं नाही.

महिनाभरात साहेबांच्या आजोबांचं अंकलच्या तोंडी 'आपले आजोबा' झालं. आपले आजोबा रेल्वेच्या लोहारशाळेत कामाला होते. आपले आजोबा सतराव्या वर्षी गावच्या संघात आले, अंगात लोकरीची बंडी, डोक्यावर टोपी, पायात कामाचेच बूट, तळव्याला स्वतः ठोकलेल्या पट्ट्या. मध्ये दोन वर्षं ते पश्चिमेकडच्या सोन्याच्या खाणींवर गेले. सोनं मिळालं नाही, पण तिथंही ते खेळले, गवताची काडी नसलेल्या मैदानावर, धुळीत चेंडू दिसेनासा व्हायचा म्हणे. हे वाचून अंकलनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर वेस्ट बेमध्ये तेव्हा टॉवर कमी आणि धूळ जास्त होती. "आपल्या आजोबांना इथं काही अडचण आली नसती," ते म्हणाले.

परत आल्यावर आजोबा संघाचे सगळ्यात लांब मारणारे खेळाडू झाले. आणि मग अंतिम सामना. ही गोष्ट साहेबांनी मला सांगितली तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. दोन्ही संघ बरोबरीत, शेवटची मिनिटं, समोरून जोराचा वारा. आजोबांनी पासष्ट यार्डांवर चेंडू झेलला. सगळे थांबले. एवढ्या लांबून, त्या वाऱ्यात, कोणी प्रयत्नही करणार नाही. आजोबांनी टोपी काढून खाली ठेवली आणि चेंडू मारला. गोल. चषक गावाचा. त्यानंतर ते खेळले नाहीत, गुडघा गेला. पुढची वीस वर्षं त्याच मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडायचं काम त्यांनी केलं.

ही गोष्ट साहेबांना त्यांच्या वडिलांनी लहानपणी सांगितलेली. वडिलांनी खुद्द आजोबांकडून ऐकलेली.

अंकलची शंका आली: 'एवढा विजयी वीर फाटकावर तिकिटे का फाडत होता? तसेच गोलचा पुरावा जोडलेला नाही.'

साहेब हसले. पुरावा कुठून आणायचा म्हणाले, सगळं घराण्यात तोंडी चालत आलंय. अंकल अदबीनं म्हणाले की सर, आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आणि त्यांनी परवानगी मागितली की आजोबांच्या गावच्या लायब्ररीला एक पत्र पाठवू का. साहेबांनी आनंदानं दिली. अंकलनी ऑफिसच्या पद्धतीनं क्रमांक घालून पत्र पाठवलं: अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत या खेळाडूविषयी वर्तमानपत्रात जे जे छापून आलं असेल त्याच्या प्रती पाठवाव्यात.

दीड महिन्यानं जाडजूड पाकीट आलं. तिथल्या लायब्रेरियन बाई अंकलच्याच जातकुळीच्या निघाल्या. त्यांनी प्रत्येक कात्रणाला क्रमांक घातला होता. पाकीट पाहून अंकलचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे त्या बाईंनाही पत्रं लिहायला लागणार.

सुरुवातीला मजाच आली. साहेब सांगायचे की खाणींवरची दोन वर्षं सोडली तर आजोबा सलग अकरा हंगाम खेळले. कात्रणांवरून साडेनऊच निघाले. एक हंगाम दुखापतीत गेला आणि उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांच्यावर बंदी होती, कारण वाद घालताना त्यांनी पंचांची हॅट चेंडूसारखी लाथेनं उडवली होती. हॅट कुंपणापलीकडे गेली असं बातमीदारानं कौतुकानं लिहिलं होतं. साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ही गोष्ट घरात कोणालाच माहीत नव्हती. त्यांनी ती लगेच पुस्तकात घालायला लावली आणि अंकलना सांगितलं की तुमच्यामुळे माझे आजोबा मला पहिल्यांदा भेटतायत.

सगळ्यात खाली अंतिम सामन्याचं कात्रण होतं. ते अंकलनी आधी एकट्यानं वाचलं. मग माझ्याकडे आले आणि केबिनमध्ये कोणी आहे का असं हळू आवाजात विचारलं. एरवी ते कधी हळू बोलत नसत.

बातमीत सगळं जसंच्या तसं होतं. बरोबरी, वारा, पासष्ट यार्ड, खाली ठेवलेली टोपी. फक्त चेंडू गोलच्या दोन यार्ड अलीकडे पडला होता. विरुद्ध बाजूच्या एकानं तो उचलून लांब टोलवला, आणि शेवटच्या मिनिटाला गोल झाला तो त्यांचा. गाव हरलं. जवळ उभ्या असलेल्या गड्याला चेंडू दिला असता तर निकाल वेगळा लागला असता, असंही बातमीदारानं लिहिलं होतं. शेवटची ओळ होती की आजोबा कोणाशी न बोलता चालत घरी गेले.

साहेबांनी ते वाचलं आणि त्या दिवशी दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी त्यांनी मला सांगितलं की त्या प्रकरणाला हात लावायचा नाही. वडिलांनी सांगितलं तसंच ठेवायचं. मी छापून गठ्ठा अंकलच्या टेबलावर ठेवला. तासाभरात अंकल तो गठ्ठा छातीशी धरून केबिनच्या दाराशी उभे राहिले. दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. अंकल इंग्रजी बोलायचे ते आधी मनात मराठीत रचून, त्यामुळे त्यांची वाक्यं सावकाश आणि पूर्ण असत.

ते म्हणाले, मला हे बांधता येणार नाही. साहेब म्हणाले की हे कंपनीचं कागदपत्र नाही, घरचं पुस्तक आहे, आणि ते तपासायला कोण बसलंय?

"सर, तुमचे वडील ब्याण्णव वर्षांचे आहेत," अंकल म्हणाले. "आज ना उद्या ते वर जातील. तिथं त्यांची गाठ थेट आजोबांशी पडेल. आजोबा विचारतील, हे काय छापून आणलंस? तेव्हा त्यांनी काय सांगायचं?"

साहेब म्हणाले, "माझे आजोबा हरले आणि माझ्या वडिलांशी खोटं बोलले, हे मी माझ्याच हातानं वडिलांना वाचायला देऊ?"

अंकलनी गठ्ठा टेबलावर ठेवला, बायंडिंग बाहेरून करून घ्यावं, माझं नाव मात्र कुठं नको, एवढं सांगून परत आले. टेबलापाशी बसून उगाच एक पेन्सिल तासत राहिले. ती संपेपर्यंत तासली.

पुढच्याच आठवड्यात अंकलची बदली झाली. आमच्या कंपनीचं काम उत्तरेला रास लफानला चालू होतं, तिथल्या साइट ऑफिसला डॉक्युमेंट कंट्रोलर हवाच होता, हे खरं. पण बदलीच्या कागदावर सही साहेबांची होती आणि ती बघून सगळ्यांनी काय समजायचं ते समजलं. अंकलच्या गुडघ्यांना जिना सोसत नसे. आता पहाटे उठून दोह्यातल्या आमच्या अबू हमूर वस्तीतून कंपनीची बस, वाटेतलं अल खोर गाव करत साइट, आणि संध्याकाळी तोच रस्ता परत. मी त्यांना म्हटलं, सॉरी म्हणून टाका ना, एका कागदाचा तर प्रश्न आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

साहेबांनी मात्र पुस्तक बाहेर बांधायला दिलं नाही. गठ्ठा त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यात पडून राहिला. मी रोज तिथली धूळ पुसायची.

महिन्याभरानं अंकलनी साइटवरून साहेबांना एक पत्र पाठवलं. विषय: अंतिम सामन्यातील लाथेची प्रत्यक्ष चाचणी. मजकुराचा सारांश असा की बातमीत अंतर दिलं आहे, वाऱ्याची दिशा दिली आहे, आणि वाऱ्याच्या जोराविषयी 'प्रेक्षक स्त्रियांच्या हॅट उडाल्या' असा उल्लेख आहे. तेव्हा तशाच परिस्थितीत तो चेंडू मारून पाहता येईल. साहेबांनी चेंडू घेऊन यावं. जागा: अबू हमूरमध्ये मी राहायचे त्या व्हिलामागचा मोकळा प्लॉट. वेळ: वारा सुटेल त्या सुट्टीच्या शुक्रवारी, मिस्साची प्रार्थना आटोपल्यावर.

साहेबांनी ते पत्र वाचून बाजूला ठेवलं. मला वाटलं गेलं ते. पण निघताना त्यांनी मला विचारलं की वारा सुटलाय हे ठरवणार कोण?

मी ठरवणार होते. अंकलनी माझ्यासाठी बाजारातून गवताची रुंद काठाची हॅट आणली होती. सलग तीन शुक्रवार मी ती घालून प्लॉटच्या मधोमध उभी राहिले. शेजारच्या व्हिलातले लोक गच्चीवर येऊन बघायचे. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची, मराठी सगळं समजायचं पण उत्तर इंग्रजीत. तिनं मला स्पष्ट सांगितलं की आई, शाळेत हे कोणाला सांगू नकोस. दोन शुक्रवार हॅट हलली नाही आणि अंकल "अपुरा" असं लिहून निघून गेले. तिसऱ्या शुक्रवारी उत्तरेचा शमाल सुटला. हॅट डोक्यावरून उडाली, भिंत ओलांडून गेली ती पुन्हा कधीच मिळाली नाही. "पुरेसा," अंकल म्हणाले, आणि साहेबांना फोन करायला मला आत पिटाळलं.

साहेब आले तेव्हा अंकलनी सर्व्हेचे लाल-पांढरे दांडे रोवून मधले दोन खांब केले होते. यार्डांचे मीटर करून, एकोणसाठ मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटरवर चुन्याची रेघ मारली होती. माणसं आम्ही पाचच. साहेब, अंकल, मी, माझा नवरा, आणि साइटवरचे स्टोअरकीपर चाचा. चाचा रत्नागिरीचे, तरुणपणी गावच्या फुटबॉल संघात होते, आणि अंकलचं त्यांच्याशी बसमध्ये जमलं होतं.

आधी चाचा गेले. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी अशी काही लाथ घातली की चेंडू सरळ वर गेला, वाऱ्यानं तो उचलला, आणि चाचांच्याच डोक्यावरून मागे जाऊन पडला. अंकलनी टेप लावून मोजलं आणि लिहिलं: उणे चार यार्ड. माझ्या नवऱ्याचा चेंडू एकवीस यार्ड गेला, त्याचा बूट एकोणीस. मग अंकलनी स्वतः, मिस्सेच्या काळ्या बुटांनी, नेम धरून मारला. तो अकरा यार्ड गेला. त्यांनी स्वतःचा आकडाही लाल पेनानं लिहिला.

साहेब एवढा वेळ हात बांधून उभे होते. मग ते रेघेवर गेले. साठीचा माणूस, पण चेंडू हातात घेतल्यावर त्यांचं उभं राहणंच बदललं. पहिली लाथ तीस यार्ड. त्यांनी चेंडू परत मागितला. तेहेतीस. पुन्हा. कोट काढला. डोळ्यांत वाळू जात होती, आम्ही सगळे ओढणीनं, रुमालानं तोंडं बांधून उभे, आणि साहेब मारतच राहिले. नववी लाथ एक्केचाळीस यार्ड गेली. त्यानंतर ते तिथंच वाळूत बसले.

अंकल वही घेऊन त्यांच्याजवळ गेले, आणि दुखरे गुडघे सावरत त्यांच्या शेजारी खाली बसले.

"सर, तुमची एक्केचाळीस," ते म्हणाले. "आजोबांचा चेंडू दोन यार्ड अलीकडे पडला. म्हणजे त्रेसष्ट. ह्याच वाऱ्यात, लोहारकामाच्या बुटांनी."

साहेब त्या दांड्यांकडे बघत राहिले.

"आणि सर, ज्या मैदानावर सगळ्या गावासमोर हरलो, त्याच मैदानाच्या फाटकावर वीस वर्षं उभं राहायचं. तोंड न लपवता. गोल झाला असता तर हे आपल्याला कळलंच नसतं."

साहेबांनी वही मागून घेतली. सगळे आकडे वाचले. उणे चार यार्डांवर बोट ठेवून हे कोणाचे असं विचारलं, तेव्हा चाचांनी लाजून हात वर केला. साहेब हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. वाळू गेली म्हणाले. आम्हीही वाळूच म्हटलं.

ते प्रकरण साहेबांनी स्वतः बसून पुन्हा लिहिलं. दोन यार्ड, विरुद्ध संघाचा गोल, चालत घरी जाणं, फाटक, सगळं. प्लॉटवरच्या चाचणीचा तक्ता शेवटी परिशिष्ट म्हणून जोडला. अंकलना त्यांनी ऑफिसात परत बोलावलं तर अंकल यायला तयार होईनात. साइटवरच्या फायलींची अवस्था इतकी भयंकर होती की त्या तशा टाकून येणं त्यांना पाप वाटत होतं. पुस्तक बांधायला मात्र ते एका सुट्टीच्या दिवशी आले. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'तपासले' आणि त्यांची सही.

साहेब पुस्तक घेऊन रजेवर गेले. ते अकरा दिवस माझे बरे गेले नाहीत. अंकलचेही नाहीत. ते साइटवरून मला रोज फोन करायचे, फोनवर बोललेलं फाइलला लागत नसूनही, आणि काही कळलं का एवढंच विचारायचे. एकदा म्हणाले, "बाई, म्हातारे गृहस्थ त्या धक्क्यानं गेले तर तो गोल माझ्या माथी बसेल."

साहेब परतले त्या दिवशी अंकल अर्धी रजा टाकून वेस्ट बेला आले. साहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं.

वडिलांनी पुस्तक स्वतःच वाचलं, भिंग धरून, दोन दिवस. साहेब शेजारी बसून होते, त्यांना घास जात नव्हता. हॅटच्या गोष्टीला वडील हसले. अंतिम सामन्याच्या पानावर आले तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि हे कोणी शोधून काढलं असं विचारलं. साहेबांनी सांगितलं की दोह्यातल्या एका माणसानं. वडील म्हणाले, चांगला माणूस दिसतो.

मग म्हणाले, "मला ठाऊक होतं. माझे वडील माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. ते दर रविवारी जेवताना सांगायचे, दोन यार्ड कमी पडले म्हणून. खोटं मी बोललो. तुझ्याशी."

साहेब तेव्हा आठ वर्षांचे होते. शाळेच्या सामन्यात त्यांच्या चुकीनं त्यांचा संघ हरला होता आणि ते दोन दिवस जेवले नव्हते. वडिलांनी त्यांना आजोबांची गोष्ट सांगायला घेतली, की बघ, आजोबासुद्धा हरले होते. पण शेवटाजवळ आल्यावर पोराच्या तोंडाकडे बघून त्यांचा धीर सुटला.

"म्हणून मी तो चेंडू दोन यार्ड पुढे नेला," वडील म्हणाले. "तू उठून जेवलास. मग तू ती गोष्ट शाळेत सांगितलीस, मास्तरांना सांगितलीस, चर्चमध्ये सांगितलीस. परत कुठून घेणार?"

मी पदर डोळ्यांना लावला. अंकल ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर.

अजून एक भानगड उरली आहे, साहेब म्हणाले. वृद्धाश्रमात वडिलांच्या शेजारच्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई आहेत. वडील रोज चहाच्या वेळी पुस्तक मांडीवर घेऊन त्यांना आजोबांची गोष्ट सांगतात. सगळं बरोबर सांगतात, खाणी, हॅट, टोपी खाली ठेवणं. आणि शेवटी चेंडू गोलमध्ये घालतात. पुस्तक हातात असताना. आता याला काय करायचं, असं साहेबांनी अंकलना अगदी मनापासून विचारलं.

अंकलनी लाल पेन काढलं, झाकण उघडलं, परत लावलं.

"त्या बाईंना गोष्ट आवडते का?" त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, फार. रोज टाळ्या वाजवतात.

"मग सांगू देत," अंकल म्हणाले. "पुस्तक तिथंच आहे. ज्याला वाचायचं असेल तो वाचील."

आणि ते उठले, कारण साइटकडे जाणारी अल खोरची बस सुटायला वीस मिनिटं उरली होती.